मास्तरांची मखमल

नाटक कंपनीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, शिवणयंत्रावरचे. राजाचा झगा शिवावा तो त्यांनी, आणि ऐन मध्यंतरात राजाच्या पोटावरचं बटण उडालं तर टाका घालायला धावावं तेही त्यांनीच. प्रत्येक शिवणीत ते दोन बोटं जादा कापड आत सोडत. तोंडात टाचण्या धरून सांगत, नट आज सडपातळ आहे, जरा नाव झालं की रुंद होणारच.

या हसऱ्या माणसाच्या पोटात एक भीती होती. कंपनीत हार्मोनियम वाजवणारे म्हातारे पेटीवाले थकले, तेव्हा त्यांच्या मदतीसाठी एक खेळ लावला गेला आणि मध्यंतरात प्रेक्षकांतून डबा फिरला. पेटीवाल्यांचा ढगळ झालेला कोट मास्तरांनीच आवळून दिला होता. थैली घेताना पेटीवाल्यांची मान काही वर झाली नाही, हे मास्तरांनी विंगेतून पाहिलं. आपल्या नावाने असा डबा कधी फिरता कामा नये, अशी त्यांनी त्या दिवशी मनाशी खूणगाठ बांधली.

म्हणून ते साठवू लागले. पण काय? कापड. बँकेचे कागद त्यांना परके वाटत, मखमल मात्र ते डोळे मिटून ओळखत. चार पैसे सुटले की कधी मखमल, कधी रेशीम, कधी जरीचं कापड घ्यायचं आणि पलंगाखालच्या लाकडी पेटीत टाकायचं. नोट खर्च होते, कापड कुठे पळतं, असं त्यांचं म्हणणं. म्हातारपणी एकेक ताका विकून खायचं, असा साधा बेत.

त्रेपन्नाव्या वर्षी सुईच्या नेढ्यात दोरा जाईना. किती जमलंय ते बघू, म्हणून एका दुपारी त्यांनी पेटी ओढली. पहिलं रेशीम उलगडलं आणि ते घडीवरूनच फाटत गेलं. मखमलीला घडीघडीवर टक्कल पडलेलं, जरीचं कापड काळवंडलेलं. वीस वर्षांत जे जे टाकलं, ते त्याच घडीत पडून होतं.

बायको दारात उभी होती. "कंपनीतल्या राण्यांच्या कपड्यांच्या घड्या दर तीन महिन्यांनी मोडून नव्याने घालता," ती म्हणाली, "आपल्या पेटीला कधी हात लावलात का हो?"

मास्तर चुकून एकदा हसले. मग एकेक कापड बाहेर काढून उलगडत गेले.

दुसऱ्या दिवशी मुलीने त्यांना जवळजवळ ओढतच बँकेत नेलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, तुम्हा दोघांना महिन्याला लागतं किती? अख्ख्या कंपनीची मापं तोंडपाठ असलेल्या माणसाने स्वतःच्या घराचं माप कधी घेतलंच नव्हतं. मग भाडं, औषधं, विजेचं बिल असं एकेक बोटावर मोजलं. बाईंनी त्यावर थोडं चढवून धरलं, महागाईसाठी आणि दुखण्याखुपण्यासाठी.

"म्हणजे शिवणीत कापड सोडायचं," मास्तर म्हणाले. बाईंना काही कळलं नाही. मुलीला कळलं, तिने तोंड फिरवून डोळे पुसले.

"फार उशीर झालाय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"झालाय, काका. पण पुढच्या वर्षी आला असतात तर आणखी झाला असता."

त्या महिन्यापासून पगारातला ठरलेला भाग घरी येण्याआधीच बँकेत जाऊ लागला. काही पेन्शनच्या योजनेत, काही मुदत ठेवीत, थोडा अडीनडीला हाताशी. पेटीतल्या कापडाच्या घड्या टाळून मधले धड तुकडे कापले, नवरा-बायकोने त्यांचे बटवे शिवले आणि ते विकून तेही पैसे ठेवीत टाकले. कपडेपटातल्या घड्या मोडायच्या दिवशी मास्तर आता पासबुकही उघडून बघत.

बासष्टाव्या वर्षी त्यांनी यंत्राला शेवटचं तेल घातलं. मालक म्हणाले, मास्तर, तुमच्यासाठी एक खेळ लावू या.

"जरूर लावा," मास्तर म्हणाले, "पण डबा फिरवू नका. मला पुढच्या रांगेतली दोन तिकिटं हवीत, आणि त्यांचे पैसे घ्यायचे."

जन्मभर त्यांनी आपले झगे विंगेतून, पाठीमागूनच पाहिले होते. त्या संध्याकाळी पडदा वर गेला, राजा पुढ्यात आला आणि मास्तर बायकोच्या कानाशी लागले. "बघ, दोन बोटं सोडली होती म्हणून अजून बसतोय अंगावर."

"गप्प बसा," ती म्हणाली. "तिकीट काढलंय."