बेटावर पाणी प्यायलेली आत्या

आज मी बंगलोरला शिलाईच्या कारखान्यात मशीनवर बसते आहे, ती हुंआत्यामुळं. हे आधीच सांगून टाकते. कारण पुढं मी जे लिहिणार आहे त्यात आमच्या घराण्याची बरीच अब्रू जाणार आहे, आणि कुणाला वाटायला नको की आठवीत शाळा सुटलेली ही पोरगी परक्या मुलखात बसून मोठ्यांची उणीदुणी काढते आहे. काढते आहेच. पण मला वाचवलं ते आत्यानं, बाकीचे चाळीस जण बघत होते, एवढं लक्षात ठेवून वाचा.

हुंआत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. तिला एक कला येत होती. समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायचं, मान किंचित वाकडी करायची आणि नाकातून एवढंच म्हणायचं, "हुं." त्या एका हुंमध्ये माणसाचं शिक्षण, कपडे, बायको आणि अक्कल यांचा निकाल एकदमच लागायचा. तिचा भाऊ, म्हणजे आमचे थोरले चुलते तात्या, यांचं नेकनूरला कापडाचं दुकान. त्यांनी दुकानात टेलिफोन घेतला तेव्हा फोनला हार घातला आणि बाजारपेठेत पेढे वाटले. आत्यानं फोनकडं बघितलं. "हुं. घरातल्या मानसासंगं बोलाय येत न्हाई, आता मुंबईसंगं बोलत्याल."

एकोणिसाव्या वर्षी तिचा नवरा गेला आणि ती तात्यांच्या घरी आली. पुढं तीस वर्षं त्या घरातली चूल तिच्याच हाताखाली. तात्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आक्काला आयुष्यभर मी सांभाळली." ते आत्याला आतून ऐकू यायचं आणि ती भाकरी थापता थापता आम्हा पोरींना म्हणायची, "मला सांभाळलं म्हणं. मी यकदा आठ दिस तापानं पडलते, तर सगळं घर चिवड्यावर जगलं. सांभाळणारे!"

प्रेमानं बोलणं तिला जमत नसे. माझी वेणी घालतानाही ती माझ्या केसांची, कंगव्याची आणि ज्यानं कंगवा आणला त्या माझ्या वडलांची नालस्ती करायची. वडलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा सगळ्यांत धाकटे, तात्यांच्याच दुकानात कापड फाडायला. तात्या हसले की हसायचे, तात्या गप्प की गप्प. आत्या म्हणायची, "तुझा बाप वाईट न्हाई. वाईट व्हायला बी आंगात काईतरी लागतंय."

आता बेटाचं सांगते. आमचं मूळ गाव धरणात गेलं. घरं गेली, मळे गेले, गावाबाहेरची एक टेकडी तेवढी पाण्याच्या वर उरली. आमच्यात माणूस जाळत नाहीत, बसवून पुरतात. त्या टेकडीवर माझ्या पणजोबांची समाधी आहे. त्यामुळं गाव उठलं, माणसं बीड-नेकनूर-धारूरला पांगली, आणि पणजोबा एकटे तिथंच बसून राहिले. त्यांच्या सोबतीला काही वर्षांनी मासे धरणारी भोयांची पाच-सहा घरं आली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की टेकडीभोवती खडक उघडे पडतात, त्यावर ते मासळी वाळवतात.

तात्यांच्या मनात आलं, की सगळ्या गोताला एकदा तिथं न्यायचं. समाधीची पूजा, सगळ्यांचं जेवण, आणि जेवणावर माझी सुपारी फोडायची. मी तेव्हा पंधरा वर्षांची. नवरदेव बत्तीसचा, पहिली बायको गेलेला, लातूरकडच्या एका खताच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्या व्यापाऱ्याकडून तात्यांना खताची एजन्सी मिळायची होती. त्या काळात ज्याला त्याला कसली ना कसली एजन्सी हवी होती. माझ्या लग्नाचं आणि एजन्सीचं बोलणं एकाच बैठकीत, एकाच चहावर झालं होतं. अण्णा त्या बैठकीत कपबशा गोळा करत होते.

निघायच्या दिवशी सकाळी आत्यानं मला डबे भरायला बसवलं आणि विचारलं, "तुला करायचंय का हे लगीन?"

"मला भ्या वाटतंय आत्या."

"भ्याचं कुनी इचारलं? करायचंय का न्हाई?"

"न्हाई."

"मग तोंड वर करून बस. रडाय लागलीस तर शिरा खारट होईल, आन् माझं नाव घेत्याल."

बस, इतकंच. ती पुन्हा डब्याची झाकणं आवळायला लागली. मला वाटलं, झालं, हिलाही काही करता येणार नाही.

दोन जिपा आणि एक टेम्पो घेऊन आम्ही काठावर पोचलो. होड्या तयार होत्या. त्यातला म्हातारा नावाडी म्हणाला, "मालक, बाराच्या आत माघारी फिरा. उन्हाळ्याचं वारं हाय. दुपारी सुटलं की दिस कलंस्तवर होडी घालता येत न्हाई." तात्यांनी त्याच्याकडं असं बघितलं, की जणू वारा त्याच्याच दुकानात कामाला आहे आणि त्यानं वाऱ्याला आवरून धरायला हवं होतं.

मग सामान चढवायची वेळ आली, आणि आमच्या घराण्यानं आपली सगळी हुशारी दाखवली. तात्यांनी फर्मान काढलं, की मासळीवाल्यांचा हात आपल्या जेवणाला आणि पाण्याला लागता कामा नये. जेवणाचे डबे आम्ही बायकांनी नेले. पण पाणी भरलेलं होतं मोठ्या पिंपात. ते रोज जाळी ओढणाऱ्या चार भोयांनी चिमटीत उचललं असतं. त्यांना शिवू द्यायचं नाही म्हणून आमचे दोन जावई पुढं झाले. दोघंही दुकानात गादीवर बसणारे. त्यांनी पिंपाला हात लावला, धोतराचा काठ सावरला, एकमेकांकडं बघितलं. पिंप जागचं हललं नाही. "दुसऱ्या खेपेला आणू," असं ठरलं आणि पिंप टेम्पोतच राहिलं. आत्या होडीत बसता बसता म्हणाली, "चाळीस मानसं, आन् पान्याला खांदा न्हाई. मेल्यावर उचलाय तरी येनार हाव का?"

सुपारीला आलेल्या लातूरच्या पाहुण्यांसाठी मात्र तात्यांनी बाटलीबंद पाणी आणलं होतं. विकतचं पाणी आमच्याकडं तेव्हा कुणी बघितलेलं नव्हतं. बारा बाटल्यांचं खोकं तात्यांनी स्वतः मांडीवर घेऊन नेलं, लेकरू न्यावं तसं.

बेटावर उतरताच आमच्या बायकांनी नाकाला पदर लावले. खडकावर चांदीसारखी मासळी वाळत होती आणि वास होता, हे खरं आहे. पण धाकट्या काकूंनी ओकारीचं जे सोंग काढलं त्याला तोड नव्हती. त्यांच्याकडं बघून तिथली एक म्हातारी, तिला सगळे सखूबाई म्हणत होते, ओशाळून म्हणाली, "वाईच तिकडल्या अंगाला बसा आक्का, तिकडं वारं न्हाई." आत्या तिला म्हणाली, "तुमी नका मनाला लावून घिऊ बाई. हिच्या माहेराला हिंगाचं दुकान हाय. तिला वासाचं काय कवतिक?"

पूजा लांबली आणि पिंपाची दुसरी खेप राहूनच गेली. मग तात्या बोलायला उभे राहिले. पूर्वजांनी काय केलं, आपण काय केलं, आता नवीन जमाना कसा आला आहे, माणसानं कसं धाडस करायला पाहिजे. धाडसाचं ऐकता ऐकता बारा वाजून गेले आणि वारा सुटला. होड्या खडकावर आपटायला लागल्या. नावाड्यानं त्या वर ओढून ठेवल्या आणि तंबाखू मळत बसला. पिंप पलीकडच्या काठावर, टेम्पोत. आम्हाला ते दिसत होतं.

पहिल्या तासात मोठी माणसं म्हणाली, जरा दम धरा. शिरा आणि पुऱ्या खाऊन तहान आणखी वाढली. बारा बाटल्यांतल्या चार बाटल्यांनी लातूरकर व्याह्यांनी मासळीच्या वासाचं पाप जावं म्हणून हातपाय धुतले, दोन बाटल्यांच्या गुळण्या केल्या. बाकीच्या पाहुण्यांतच संपल्या. चारी बाजूंनी धरणाचं गोडं पाणी, नजर जाईल तिथवर पाणी, आणि आमचं गोत ओठ चाटत बसलेलं. ते पाणी मासळीचं. सखूबाईच्या माठातलं तर त्याहून वाईट. कुणीतरी म्हणालं, "आपल्यात शिवाशिव न्हाई म्हणत्यात." तात्या म्हणाले, "न्हाईच. पन पाहुन्यांम्होरं नको."

माझ्या चुलत बहिणीचं दीड वर्षांचं लेकरू रडून रडून गप्प झालं. रडत होतं तोवर बरं होतं. गप्प झालं आणि मान टाकली, तेव्हा मी घाबरून आत्याकडं बघितलं. आत्या उठलेली होती. तिनं लेकरू उचललं आणि सरळ सखूबाईच्या झोपडीकडं चालायला लागली. सखूबाईनं माठावरचं फडकं बाजूला केलं, तांब्या भरला आणि हातात द्यावा की खाली ठेवावा या विचारात थांबली. आत्यानं तो तिच्या हातातून घेतला. आधी लेकराच्या ओठाला बोटानं पाणी लावलं, मग घोट घोट पाजलं. लेकरानं डोळे उघडले. तेवढ्यावर गोष्ट थांबली असती तर सगळं निभावलं असतं. लेकराचं कोण मनावर घेतो.

पण आत्या तो तांब्या घेऊन बाहेर आली, व्याह्यांच्या बरोबर समोर उभी राहिली आणि तोंड लावून प्याली. घटाघटा, अर्धा तांब्या. मग तोंड पुसून मला हाक मारली. "ये गं. पी."

मी बसले होते त्या सतरंजीपासून आत्यापर्यंत वीस पावलंही नसतील. सगळं गोत माझ्याकडं बघत होतं. तात्या डोळे वटारून "बस खाली" म्हणाले. अण्णा जमिनीकडं बघत होते. मी शूर नव्हते, अजून नाही. पण आत्या हात लांब करून उभी होती आणि तो हात मागं घेत नव्हती. मी गेले आणि प्याले. पाणी गार होतं, त्याला कसलाही वास नव्हता.

व्याही उठले. "तात्यासाहेब, ही सोयरीक आमाला झेपायची न्हाई."

"मग जावा की," आत्या म्हणाली. "वाट कुनी आडवलीय? पवत जावा."

वाट पाण्याची होती. व्याही दिवस कलेपर्यंत आमच्याकडं पाठ करून खडकावर बसून राहिले. आणि त्यांची पाठ फिरली रे फिरली, आमचं अख्खं गोत एकेक करून सखूबाईच्या झोपडीमागं जाऊन पाणी पिऊन आलं. जावई प्याले. ओकारीवाल्या काकू प्याल्या, दोनदा. तात्याही प्याले, येताना मिशा पुसत, जणू लघवीला जाऊन आले. सखूबाईची सून भर उन्हात दोन खेपा पाणी गाळून आणत होती. तिला कुणी "बस गं" एवढंही म्हणालं नाही.

दिवस कलता वारा पडला. अलीकडं आल्यावर तात्यांनी जिपेचं दार धरून आत्याला सांगितलं, "आक्का, तू ह्या जिपेत बसू नको. आन् माझ्या घराला येऊ नको." तीस वर्षांची चूल एका वाक्यात. ज्या तोंडानं तेच पाणी दोन तासांपूर्वी प्यायलं होतं त्याच तोंडातून.

मी उतरायला लागले. आत्यानं मला आत ढकललं. "तू कावून उतरतीस? तुझं काम झालंय. बस गप."

आणि मी बसले. हे मला लिहायचं नव्हतं, पण लिहिलं नाही तर वरचं सगळं खोटं होईल. जीप हलली तेव्हा ती काठावर पिशवी काखेत धरून उभी होती, आणि चाळीस माणसांत "थांबवा" म्हणणारं तोंड एकही नव्हतं. माझंही नव्हतं.

ती आठ दिवस सखूबाईकडं राहिली. मग नेकनूरलाच, तात्यांच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, एका गोठ्याशेजारची खोली धरली आणि एसटी स्टँडजवळच्या खानावळीत भाकरी थापायला लागली. खोलीमालकानं दोनदा सामान बाहेर काढलं, तिनं दोनदा दुसरी खोली बघितली. तात्यांना एजन्सी मिळाली नाही. माझं नाव खराब झालं म्हणून दुसरं स्थळही दोन वर्षं फिरकलं नाही, आणि त्या दोन वर्षांत आत्यानं मला शिवणाच्या वर्गात नेऊन बसवलं. मी शिवलेलं पहिलं पोलकं तिनं उजेडात धरलं. "हुं. बुजगावन्याला होईल." आणि तेच पोलकं घालून दुसऱ्या दिवशी खानावळीत गेली. वर्गातल्या बाईंनी बंगलोरच्या कारखान्याचं सांगितलं तेव्हा अण्णांचं मन वळवायलाही तीच गेली. तिनं काय सांगितलं ते मला कळलं नाही. अण्णा घरी येऊन फक्त म्हणाले, "जा."

इथं मी दर रविवारी बूथवर रांग लावते. खानावळीच्या फोनवर ती येते आणि पहिलंच वाक्य असतं, "कशाला पैसे नासायलीस?" इथली भाषा मला अजून नीट येत नाही. सुपरवायझर ओरडला की टाका चुकतो. एकदा फोनवर तसं सांगितलं तर म्हणाली, "वरडनाऱ्याला वरडू दे. तू शिलाईकडं बघ. त्याचं तोंड, तुझी सुई." मागच्या रविवारी खानावळीच्या मालकानंच सांगितलं, की आत्याची तिसरी खोलीही सुटली आहे आणि ती सध्या भांडी ठेवायच्या जागेत झोपते. ती स्वतः हे बोलली नव्हती.

आत्या, तुला वाचता येत नाही. हे कुणीतरी वाचून दाखवेल आणि तू हुं करशील, ते मला इथवर ऐकू येतं. तरी सांगते. एक खोली मी घेईन, लहान असेल, पण तिचा कागद तुझ्या नावानं असेल आणि कुलपाची किल्ली तुझ्या कमरेला. "निघ" म्हणायचा हक्क त्या दारात कुणाला असेल तर तो फक्त तुला. अजून वेळ लागेल. तू तोवर टिकून राहा. आणि खोली बघून तू "हे काय खुराडं हाय का?" म्हणालीस, तरी त्या दिवशीसारखी जिपेत बसून न राहता यावेळी मी खाली उतरेन आणि तुझ्याशेजारी उभी राहीन.