काकीच्या चार गोळ्या

खरवईच्या जिज्ञासाला पोलीस व्हायचं होतं. लग्नाआधीपासून व्हायचं होतं आणि लग्नानंतर तर जास्तच, कारण आता तिला चार माणसांवर डाफरायची सवय लागली होती. जानेवारीत मैदानी चाचणी होती. रोज पहाटे ती गावामागच्या मैदानात आठशे मीटर पळायची आणि नवरा धर्मेश मोबाइलवर सेकंद मोजत जांभया द्यायचा. भरती होईपर्यंत पाळणा हलवायचा नाही, हे दोघांनी ठरवलेलं. गावच्या आशा सेविका सगुणाबाई यांनी तिचं बीपी मोजून, चार प्रश्न विचारून गोळ्यांचं पाकीट दिलं होतं. जिज्ञासानं पेनानं प्रत्येक गोळीखाली वार लिहिला आणि रोज दिवेलागणीला एक, असा नेम धरला. पाकीट फ्रिजवर, उघड. चोरी थोडीच करत होती!

गौरी यायच्या दोन दिवस आधीपासून मात्र घरात बावीस पाहुणे. रविवारी संध्याकाळी तिनं पाकीट उचललं, तर रविवारची गोळी नाही. "घेतली वाटतं गडबडीत," म्हणून ती पुन्हा वड्यांच्या पिठात हात घालून बसली. सोमवारी तेच. मंगळवारी तेच. स्वतःच्या विसराळूपणाचं तिला हसूही आलं.

बुधवारी गौरीपूजन. भर दुपारी नैवेद्याची पानं वाढायची वेळ आणि न्हाणीघरातून रखमाकाकी, म्हणजे धर्मेशची शेजारी राहणारी चुलती, रडत बाहेर आली.

"माझी आली गो! ऐन पूजेच्या दिवशी! तुझ्या त्या गोळ्यांत काय दम नाय!"

"कुठल्या गोळ्या, काकी?"

"फ्रिजवरच्या. पाळी पुढं ढकलायच्या. चार खाल्ल्या ना मी, रोज दुपारी एक."

जिज्ञासानं बोटांवर वार मोजले. म्हणजे रविवार, सोमवार, मंगळवार, तिच्या पोटात एकही गोळी गेली नव्हती! डोळ्यांपुढे मैदान आलं आणि त्या मैदानात पोट घेऊन चालणारी ती स्वतः. तिनं पिठाच्या हातानंच सगुणाबाईंना फोन लावला.

सगुणाबाई दर्शनाला निघालेल्याच होत्या. आल्या, गौरीला हळदकुंकू वाहिलं आणि दोघींना मागच्या पडवीत घेऊन बसल्या.

"आधी तू. कितवी चालू होती?"

"नऊ घेतल्या होत्या. दहावी, अकरावी, बारावी गेली."

"आणि रविवारपासून धर्मेश…?"

"आशाताई, घरात बावीस माणसं! तो ओसरीवर पत्ते कुटतोय, मी वडे थापतेय!"

"मग गौरीनंच राखलं म्हणायचं," सगुणाबाई हसल्या आणि पिशवीतून नवं पाकीट काढलं. "ह्यातली एक आत्ता घे. आजचीही ह्यातलीच, संध्याकाळी तुझ्या वेळेला. एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. बाकीच्या चुकल्या त्या चुकल्या, भरून काढायला जाऊ नको. उद्यापासून जुनं पाकीट सुरू. आणि सात दिवस धर्मेशला निरोध वापरायला सांग, लाजू नको. पाकिटाच्या शेवटच्या सात, लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात पाळी आली नाही, तर तपासणीची पट्टी माझ्याकडे आहे."

मग त्या काकीकडे वळल्या. काकीनं पदर डोक्यावर ओढला.

"वय चव्वेचाळीस, त्यात तुला बीपी. ह्या गोळ्या तुझ्यासाठी नाहीतच, रखमे. आणि अशा चार दिवस मध्येच खाऊन पाळी थांबत नसते. पुढं ढकलायचीच असेल, तर डॉक्टरला आधी विचारायचं. दुसऱ्याचं औषध म्हणजे काय ताटातली भाजी आहे, मला पण वाढ म्हणायला?"

काकी त्या दिवशी गौरीजवळ गेली नाही. दारातून मान उंच करकरून बघत राहिली आणि जिज्ञासाचा सगळा राग तिथंच विरघळला. दुसऱ्याच दिवशी पाकीट कपाटात गेलं आणि मोबाइलला संध्याकाळचा गजर लागला.

पुढचे पंधरा दिवस ती पळायची खरी, पण पायांत जीव नव्हता. धर्मेश सेकंद सांगायचा आणि ही मनात दिवस मोजायची. अन् मग एका दुपारी ती न्हाणीघरातून सुटली ती थेट काकीच्या अंगणात!

"काकी, आली! आली माझी!"

"हळू बोल गो, पुरुषमानसं हायत!"

पण जिज्ञासानं काकीचे दोन्ही हात धरले आणि फुगडीच घातली. काकीचा पदर सुटला, चप्पल उडाली, कोंबड्या कलकलत पळाल्या. दोघी हसून हसून ओट्यावर पडल्या. काकी धापा टाकत म्हणाली, "मी रडली ती आली म्हनून, आन् तू नाचतंस ती आली म्हनून!"

मग जरा थांबून, पदराच्या टोकानं डोळे पुसत ती म्हणाली, "पाच पोरं झाली गो मला. एकदा पन कोनी इचारलं नाय, रखमे, तुला पायजे का?"

जिज्ञासाचं हसू गळालं. तिनं काकीचा हात घट्ट धरून ठेवला.

"थांबलीस कशाला?" काकी उठून उभी राहिली आणि तिनंच हात पुढं केले. "ये, घाल अजून एक."