आइस्क्रीमवाल्याचा बर्फ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. वडील राजारामपुरीत रिक्षा चालवत. मी कशावर संशोधन करते, हे त्यांना एकदा समजावलं होतं: खारट पाण्यावरच्या हरभऱ्यावर सॅलिसिलिक आम्ल फवारलं, तर रोपाला आतून वाचवणारी एन्झाइमं जास्त जोमानं काम करतात का, ते बघायचं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मग पास कवा हुतीस?"

आधीची रोपं मर रोग लागून गेली होती. या खेपेला आकडे आले नाहीत तर विषय सोडा, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी साफ सांगितलं होतं. नेमका त्याच दिवशी विभागातला बर्फ संपला. पानं बर्फावरच वाटावी लागतात, नाहीतर उबेनं एन्झाइम मरतं. आणि दुपारी लाईट जाणार होती.

मी फोन केला तसे वडील पोत्यात बर्फ घेऊन आले. पॉट आइस्क्रीमवाल्या दोस्ताकडचा. मी वाटायला बसले, रस भरलेल्या नळ्या बर्फात रोवल्या. थोड्या वेळानं एक नळी तिरकी केली तर आतला रस हललाच नाही. गोठला होता. बर्फाचा तुकडा जिभेवर ठेवला.

"आबा, ह्यात मीठ घातलंय?"

"व्हय की. दोस्तानंच मारलंय. त्याबिगर गारवा धरत न्हाय म्हणाला."

मिठानं बर्फ आणखी गार होतो; आइस्क्रीम जमवायला तेच करतात. माझ्या रसाचंही तेच झालं होतं, आणि गोठून वितळलेल्या एन्झाइमचा भरवसा नसतो. सरांनी नळ्या बघितल्या आणि सगळं पहिल्यापासून करायला सांगितलं. रोपांवर आणखी एकदाच पुरतील एवढी पानं होती.

वडिलांचा चेहरा उतरला. मी त्यांना नळ दाखवला आणि एकेक ढेकूळ धुवायला सांगितलं. ते धूत राहिले, मी प्रत्येक ढेकूळ चाटून बघत राहिले. बर्फ निम्मा झाला. त्यांचे हात लालबुंद झाले होते.

पुन्हा पानं वाटली. रसातला गाळ खाली बसवणारं सेंट्रिफ्यूज फिरत होतं तोवर आम्ही दोघं वरच्या दिव्याकडेच बघत होतो.

मग स्पेक्ट्रोफोटोमीटर या प्रकाश मोजणाऱ्या यंत्राच्या नळीत पेरॉक्साइड घातलं, त्यात रसाचा थेंब सोडला. एन्झाइम जिवंत असेल तर ते पेरॉक्साइड फोडतं आणि आकडा खाली येतो. आकडा तिथंच होता. मग शेवटचा अंक बदलला, पुन्हा बदलला.

पाठीमागून वडील हळूच म्हणाले, "कमी व्हायलंय की गं."

"कमीच व्हायला पाहिजे, आबा."

त्यांनी गारठलेले हात काखेत घातले. "मग हू दे की."

मी दुसरी नळी लावली. लाईट अजून होती.