दोघांत एक चादर

कपाटातून चादर काढली आणि डांबरगोळ्यांच्या वासानं मी थेट त्या जुन्या ऑपरेशनपाशी पोचले.

मी भूलतज्ज्ञ. सर्जन सरांशी तेव्हा माझा महिनाभर अबोला होता. कमरेखाली भूल दिलेला अक्कलकोट रोडचा एक यंत्रमाग कामगार टेबलावर जागाच होता.

“सिस्टर, सरांना सांगा, पेशंटचं बीपी उतरतंय.”

“सिस्टर, मॅडमना विचारा, किती?”

“अवो, उतरतंय ते माजं हाय!” पेशंट ओरडला. “आपसात बोला की!”

मग आम्ही बोललो आणि वेळ निभावली.

घरी जाताना त्यानं आम्हा दोघांना मिळून एकच चादर दिली. “कुनी कवा वापरायची, ते तुमीच बोलून ठरवा.” तेव्हा मला तो आगाऊ वाटला होता.

आज सरांना फोन केला. “थंडी पडली, सर. यंदा चादरीची पाळी तुमची.”

“हे सिस्टरकडून कळवायचं की!” सर म्हणाले.