मिरची टाकतेय गं!

घरात दम्याचं लेकरू असलं की औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधं निदान संपतात तरी! आमची मुक्ता सात वर्षांची, घर डोंबिवलीत, आणि बहुतेक किस्से समोरच्या दामलेकाकूंच्या नावावर.

मुक्ताला पंप सुरू झाला तेव्हा काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं, सवय लागेल पोरीला!" शहानिशा करायला त्या आमच्याबरोबर ठाण्याला नौपाड्यात डॉक्टरांकडेही आल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "काकू, तुम्हाला चष्म्याची सवय लागलीय. काढून ठेवायचा का?"

स्टेशनपर्यंत रिक्षात काकू चष्माच पुसत होत्या. संध्याकाळी मात्र दारात हजर. "पंप धरायचा कसा, ते मलाही दाखव."

*

पंपाला लावायची प्लास्टिकची नळी, म्हणजे स्पेसर, मी धुऊन भांड्यांच्या रॅकवर वाळत ठेवते. एकदा कल्याणची नणंद आली. "वहिनी, तू बस, चटणी मी वाटते" म्हणाली आणि बराच वेळ ओट्याशी झटापट करत राहिली. शेवटी वैतागली.

"वहिनी, तुझ्या मिक्सरला हे भांडं बसतच नाही!"

*

मिरचीच्या ठसक्यानं मुक्ताची छाती भरून येते. म्हणून फोडणीआधी काकू दारातून ओरडतात, "मिरची टाकतेय गं!" की आमचं दार बंद. हळूहळू अख्खा मजलाच दारं लावायला लागला. एकदा पार्सलवाला मधोमध उभा असताना धडाधड दारं लागली. बिचारा घाबरला.

"मॅडम, मी फक्त चादर आणलीय!"

*

मागच्या हिवाळ्यात मी ठाण्याला ऑफिसात आणि इकडे मुक्ताला काकूंच्या घरी धाप लागली. काकूंनी मला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा पंप दिला. मला फक्त त्यांचा आवाज येत होता. "घाई नाही हं. घे श्वास. आता सोड. शाब्बास!" मग मुक्ताचा बारीक आवाज आला.

"आजी, तुम्ही पण घ्या ना श्वास!"

त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांदेखत रडले. काकूंचे उपकार कसे फेडायचे, मला अजून कळलेलं नाही.

*

काकूंकडे दीड दिवसाचा गणपती. गेल्या वर्षी धुरामुळे मुक्तानं आरतीच्या टाळ्या आमच्या बंद दाराआड वाजवल्या होत्या. या वर्षी काकू स्वतः तिला न्यायला आल्या आणि थेट बाप्पासमोर बसवलं. मी मागे, पर्समधला पंप घट्ट धरून.

गुरुजींनी धूप मागितला. काकू जागच्या हलल्या नाहीत. उदबत्ती? नाही. कापूर? तोही नाही.

"अहो काकू, देवाला असं चालायचं नाही!"

"माझं झालंय बोलणं बाप्पाशी," काकू म्हणाल्या. "तुम्ही आरती सुरू करा!"