गजूदादाची गाळटाकी

माणूस गेला की त्याचे किस्से जमा होतात. जिवंत असताना त्याच्याबद्दल कोणी दोन वाक्यं बोलत नाही, पण तेरवीला पंगतीतून उठलेला प्रत्येक जण हात धुता धुता एक सांगून जातो. माझा मोठा भाऊ गजूदादा गेला तो पावसाळा अजून सरला नाही आणि माझ्याकडे पोतंभर किस्से झाले. मी सातवीनंतर शाळा पाहिली नाही, म्हणून जसे आठवतील तसे सांगतो.

आधी काम सांगतो. कळंबच्या पुढे हायवेवर आमची तिघांची गँग होती. दादा, मी आणि पिकअप चालवणारे सलीमभाई. रस्त्याच्या नाल्या, मोऱ्या साफ करायच्या. पाऊस आला की रस्त्यावरचं ऑइल, डिझेल, टायरचा चुरा सगळं धुऊन ओढ्यात जायचं. ओढ्याकाठी कोलामांचं पोड, म्हणजे आदिवासी वस्ती आहे, त्यांच्या विहिरीवर तवंग यायचा. म्हणून रस्त्याच्या कडेला मोठी टाकी बांधली. पाणी तिच्यात थांबतं, गाळ खाली बसतो, तेल वर तरंगतं आणि मधलं पाणी पाइपातून ओढ्याला जातं. गाळ आणि तेल काढायचं आमच्याकडे.

*

पहिल्याच पोळ्याला शेजारच्या शेतातले वामनकाका आपली पांढरीशुभ्र जोडी घेऊन आले आणि गाळ काढायला ठेवलेल्या उतारावरून सरळ उघड्या टाकीत शिरले. सरकारनं बैलांसाठी हौद बांधला असं त्यांना वाटलं! जोडी बाहेर आली ती म्हशींची. साबण झाला, राख झाली, तेल काही सुटेना. तशीच तोरणाखाली उभी केली. दादा म्हणाला, "काका, तुम्ही बैल नाही, ट्रक धुतला."

आम्ही पोट धरून हसलो. ऑफिसात मात्र कोणी हसलं नाही. उतार भिंत घालून बंद केला, वरून सिमेंटच्या फरश्या टाकल्या. दोन झाकणं तेवढी ठेवली. मोकळी टाकी बंद झाली ती अशी, बैलांपायी.

*

नाक्यावर सलीमभाईंच्या मेहुण्याचं गॅरेज आहे. जळालेलं ऑइल तो नालीत ओतायचा. दादा भांडला नाही. टाकीवरचं तेल डब्यात गोळा करायचा आणि त्याच्या दुकानात नेऊन ठेवायचा. "तुमचा माल आमच्याकडं राह्यलता." मेहुण्यानं बहिणीकडे, म्हणजे सलीमभाईंच्या बायकोकडे तक्रार केली. सलीमभाई दुसऱ्या दिवशी कामावर आले ते तोंड पाडून. "अबे गजू, तुह्या टाकीपायी मले घरात जेवाले भेटून नाही राह्यलं."

शेवटी मेहुण्यानं ऑइलसाठी ड्रम ठेवला. तेरवीला तोही आला होता. किस्सा मात्र त्यानं सांगितला नाही. जेवला आणि गेला.

*

एकदा बडे साहेब टाकी बघायला येणार होते. टाकी स्वच्छ दिसावी म्हणून आमच्या साहेबांनी आदल्या दिवशी पंप लावला आणि अख्खी टाकी ओढ्यात उपसून दिली. दादा पंपाच्या पाइपावर जाऊन बसला. त्याला उचलून बाजूला केलं.

बडे साहेब आले, झाकणातून वाकून बघितलं, म्हणाले, "व्हेरी क्लीन."

तेवढ्यात पोडावरची रामबाई आजी टोपलं घेऊन वर आली. टोपल्यात ओढ्यातले मेलेले मासे. साहेबांना वाटलं विकायला आणले. त्यांनी भाव विचारला.

"फुकट हाय," आजी म्हणाली. "पहिले तुम्ही खा."

*

हा किस्सा नाही. पण सलीमभाई हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत.

पाइपाच्या तोंडाशी खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पन्न्या अडकल्या होत्या, पाणी तुंबलं होतं. बंद टाकीत गाळाचा विषारी गॅस धरतो, म्हणून झाकणं उघडून बराच वेळ थांबावं लागतं. पण आभाळ भरून आलं होतं. पाऊस आला असता तर सगळं काळं पाणी पोडावर गेलं असतं. दादा थांबला नाही. शिडीवरून उतरता उतरता वहिनीनं डब्यात काय दिलं ते सांगत होता. "आज बेसन अन्..." एवढंच ऐकू आलं.

मी झाकणाकडे झेपावलो. सलीमभाईंनी मागून धरलं. शर्ट फाटला, तेव्हा पट्टा धरला, मग मला खाली पाडून माझ्यावर बसले. "एक गेला. दुसरा नाही देत." मी त्यांच्या हाताला कडकडून चावलो. टाके पडले.

तेरवीला ते पट्टी बांधलेल्या हातानं वाढत होते. हाताला काय झालं म्हणून कोणी विचारलं. म्हणाले, "कुत्र्यानं चावलं." आणि माझ्या पानावर आणखी एक बुंदीचा लाडू ठेवला.

*

आमचे साहेब घरी भेटायला आले तेव्हा टाकी बुजवून टाकू म्हणाले. मी तिथेच ओरडलो, आजच बुजवा. खरंच त्या आठवड्यात मुरूम आला. सलीमभाईंच्या पिकअपमध्ये मी फावडं टाकलं. वहिनी म्हणाली, मलेही येऊ दे, जागा पाहायची आहे. तिनं कधी पाहिली नव्हती. केबिनमध्ये आमच्या मध्ये बसली.

रात्री पाऊस झाला होता. पाइप अजून तुंबलेलाच होता, टाकी काठोकाठ भरली होती आणि एका बाजूनं काळं पाणी गवतातून खाली चाललं होतं.

"हे कुठं जाते?" वहिनीनं विचारलं.

"ओढ्यात."

"अन् तिथून?"

मी बोट दाखवलं. खाली विहिरीवर रामबाई वाकून घागर ओढत होती.

सलीमभाईंनी गाडी टाकीकडे मागे घेतली होती, मागचा डाला उघडून मुरूम ओतायचा तेवढा बाकी होता. त्यांनी इंजिन बंद केलं. मी फावडं घेऊन उभा होतो.

वहिनीनं पदर कमरेला खोचला. माझ्याकडे न बघता विचारलं, "झाकण उघडल्यावर किती वेळ थांबा लागते?"

"लय वेळ."

"मंग उघड," ती म्हणाली. "अन् दोघंबी इथं बसा, माह्याजवळ."