लफ्ता उस्तानं काहीच केलं नाही

बगदादच्या कॉम्प्युटर गल्लीत ज्याच्या भिंतीवर सर्टिफिकेट त्याला इंजिनियर म्हणतात, आणि ज्याला काम येतं त्याला उस्ता. लफ्ता हा उस्ता. शाळा सहावीत सुटली; त्यानं सोडली की शाळेनं, यावर घरात अजून एकमत नाही. आधी टीव्ही दुरुस्त करायचा, आता कॉम्प्युटर. दोन्हींना सारख्याच शिव्या घालतो.

समोरच्या दुकानात इंजिनियर सुहैब. त्याच्याकडे सगळ्या आजारांवर एकच औषध: सगळं पुसा, नवं टाका. आपलं काय काय गेलं ते गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळतं.

त्या दिवशी अबू नवार लॅपटॉप छातीशी धरून लफ्ताकडे आला. पेन्शन कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देणारा माणूस. हार्ड डिस्क आत टकटक वाजत होती. तिच्यावर एकेचाळीस म्हाताऱ्यांचे अर्ज अर्धवट, आणि मुदत उद्या दुपारी संपणार. त्यात अर्जांचा प्रोग्रॅम इतका जुनाट, की तो बसवून देणारा माणूस आता स्वीडनमध्ये टॅक्सी चालवतो.

"म्हणजे विंडोज, प्रोग्रॅम, अर्ज, सगळं आहे तसं उचलून नव्या एसएसडी डिस्कवर न्यायचं," लफ्ता म्हणाला. "बस. चहा घे. आणि बोलू नकोस."

"सुरू तरी कर, उस्ता."

"दोनला सरकारी वीज जाईल. ती जाऊ दे, गल्लीचा जनरेटर येऊ दे, मग लावतो. मध्येच झटका बसला तर संपलं. तुझी बॅटरी तर कधीच मेलीय."

जनरेटर आला. कुठल्या डिस्कवरून कुठल्या डिस्कवर, हे लफ्तानं तीनदा बोट ठेवून वाचलं; उलटं झालं की सगळं कोरं. सर्टिफिकेटवाल्यांना वाचावं लागत नाही, त्यांना येतंच. मग तीन तास तो जागचा हलला नाही. डिस्क अडली की हाही श्वास रोखायचा. पाच वाजता लॅपटॉप नव्या एसएसडीवरून झटक्यात उठला.

अबू नवारनं चष्मा लावला. "तू केलंस काय?"

"सगळं."

"तोच स्क्रीन, त्याच फायली. घड्याळसुद्धा तसंच तासभर पुढे. बदललंय काय यात?"

"काही बदलू नये म्हणून तर बसलो होतो, बाबा. चालू किती पटकन झालं ते बघ."

"पंख्यातली धूळ झटकली असशील. मी काय काल जन्मलो? दे इकडे, समोर इंजिनियरला दाखवतो. तो नीट नवं करून देईल."

लॅपटॉप समोर गेला की दहा मिनिटांत एकेचाळीस म्हातारे साफ. सुहैब पुसून झाल्यावर स्क्रीनवर एक झकास चित्र आणि दुकानाचं नाव टाकतो, आणि लोक खूश होऊन जातात. लफ्ता त्या प्रकारावर वर्षानुवर्षं थुंकत आलाय.

"थांब," तो म्हणाला. "एक काम राहिलंय."

त्यानं स्क्रीनभर हिरवागार धबधबा टाकला. त्यावर जाड अक्षरांत, आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतःचं नाव. जाताजाता घड्याळही मागे घेतलं.

"हां," अबू नवार म्हणाला. "आता कसं नवं दिसतंय. आधीच का नाही केलंस?"

"विसरलो."

दुसऱ्या दिवशी एकेचाळीसच्या एकेचाळीस अर्ज मुदतीत आत गेले. त्याच आठवड्यात लफ्ताकडे सहा नवी गिऱ्हाइकं आली. सहाही जणांना धबधबा हवा होता.